कुत्र्याचं मोजकं खाणं

कोल्हापुरात पाहुणा न जेवता उठला तर घरच्यांना चुकल्यासारखं होतं, आणि हा नियम घरातल्या कुत्र्यालाही लागू असतो. सकाळी म्हशीच्या दुधात कुस्करलेली कालची भाकरी, दुपारी चपातीचा शेवटचा चतकोर, चारला आजोबांच्या चहाबरोबर ग्लुकोजचं बिस्किट, मधूनच उकडलेलं अंडं, बुधवारी कोंबडीचे पाय, रविवारी मटणाची हाडं. शेजारच्या भांड्यात पाकिटातलं कोरडं खाणंही असतं, कारण डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. बाकीचं सगळं प्रेमाने दिलेलं असल्यामुळे ते कुणी खाण्यात धरत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "पाकिटाचंच खातंय की."

अशा घरातलं कुत्रं पंजे चाटून तांबडे करायला लागलं, सारखे कान झाडायला लागलं, की पावलं दुकानाकडे वळतात आणि 'लिमिटेड इन्ग्रेडियंट', म्हणजे मोजक्या घटकांचं, असं छापलेलं महागडं पाकीट घरी येतं. महिनाभराने खाज तशीच असते आणि दोष पाकिटाला जातो. पाकिटाचा दोष कधीकधी असतोही, त्याबद्दल पुढे येईलच. पण बहुतेक वेळा निवडीची सुरुवातच उलट्या टोकाने झालेली असते. पाकिटात काय आहे हे वाचण्याआधी या कुत्र्याने आजवर काय काय खाल्लंय, हे लिहून काढायला हवं होतं. मोजक्या घटकांचं खाणं औषधासारखं विकलं जातं, पण त्याचं खरं काम शोध घेण्याचं आहे. सगळं काढून टाकायचं, शरीर शांत होतंय का पाहायचं, मग एकेक पदार्थ परत देऊन चोर पकडायचा.

ज्या प्रथिनाची शरीराला ओळखच नाही, त्याच्यावर ते सहसा चिडत नाही. अ‍ॅलर्जी होते ती वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या पदार्थांची. म्हणूनच "हे तर तो लहानपणापासून खातोय, आत्ताच कसं बाधेल?" हा प्रश्न उलटा आहे. लहानपणापासून खातोय म्हणूनच संशय त्याच्यावर आधी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७, कोंबडी १५, गहू १३ आणि मेंढीचं मांस ५ टक्के असा क्रम लागला. सोया, मका, अंडी यांचा वाटा साधारण मेंढीएवढाच, आणि मासे व तांदूळ जेमतेम २ टक्क्यांवर. ही यादी डोळे मिटून कोल्हापूरला लावता येत नाही. गोमांस इथल्या कुत्र्याच्या वाट्याला येत नाही, पण दूध रोज येतं, आणि गाई-म्हशीच्या दुधातली काही प्रथिनं त्यांच्या मांसातही असतात. आपल्याकडच्या संशयितांची रांग लावायची झाली तर दूध, कोंबडी, गहू, अंडं आणि मटण हे पाच आधी उभे करावेत.

आता दुकानात सर्वांत जास्त खपणारं 'संवेदनशील' पाकीट बघा. ते असतं लॅम्ब आणि राइसचं. ज्या देशांत कुत्री गोमांस आणि कोंबडीवर वाढली, तिथे मेंढी हा एके काळी नवा पदार्थ होता, म्हणून ती वापरली गेली. कोल्हापुरातल्या कुत्र्याने दर रविवारी मटणाची हाडं फोडलेली असतात. बोकड काय, मेंढी काय, गाय-म्हैस काय, सगळी रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या प्रथिनांत इतकं साम्य असतं की एकावर चिडलेलं शरीर दुसऱ्यावरही चिडू शकतं. कोंबडी, बदक, टर्की, लावा यांचंही तसंच. मासे आणि कोंबडी यांच्यातही काही कुत्र्यांत असा धागा आढळलाय, पण तो कमी जणांत. त्यामुळे 'नवा पदार्थ' निवडताना नुसतं नाव नवं असून भागत नाही, घराणंही नवं असलेलं बरं.

पण त्याआधी, खाज खाण्याचीच आहे का? अन्नाच्या अ‍ॅलर्जीची खाज बाराही महिने असते. पंजे, कान, काखा, जांघा, पोट आणि शेपटीखालचा भाग ही तिची आवडती ठिकाणं. कान बरा होतो, औषध संपलं की पुन्हा वास मारायला लागतो. जोडीला पोट बिघडलेलं असेल, दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा शी होत असेल, ती मऊ किंवा चिकट असेल, गॅस फार होत असेल, तर संशय पक्का होत जातो. याउलट कंबर आणि शेपटीच्या बुडाशी चावे घेणारं कुत्रं दिसलं तर आधी पिसवा शोधा. कानांच्या कडा आणि कोपरं खाजवून सालटं निघालेली असतील तर खरूज. आणि दूध प्यायल्यावर फक्त जुलाब होतात, खाज नाही, तर ती बहुधा दुधातली साखर न पचण्याची तक्रार आहे. ती अ‍ॅलर्जी नव्हे. दूध बंद केलं की विषय संपला.

कोल्हापूरचा पावसाळा हा या सगळ्यातला मोठा घोटाळा करणारा घटक. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुत्रं नीट वाळतच नाही. बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत यीस्ट ही बुरशी वाढते, त्वचा तेलकट होते, आंबूस वास येतो, गोचीड-पिसवांचा सुळसुळाट असतो. यीस्ट आणि जिवाणूंचा संसर्ग अंगावर असताना कितीही शुद्ध खाणं घाला, खाज जाणार नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी डॉक्टरांकडून त्वचेचा आणि कानाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून संसर्गावर उपचार, जंताचं औषध, शीची तपासणी, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त. मग खाण्याला हात घालायचा. प्रकरण फारच चिवट असेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी दाखवता येतं.

रक्त, लाळ किंवा केस पाठवून चाळीस पदार्थांची यादी मागवणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालू नयेत. निरोगी कुत्र्याच्या नमुन्यावरही त्यात 'पॉझिटिव्ह' येतात, आणि ज्याने खरोखर त्रास होतो तो पदार्थ सुटूनही जातो. एकच मोजकं खाणं घालून आठ आठवडे संयम ठेवण्यापेक्षा कागद विकत घेणं सोपं वाटतं, एवढाच त्यांचा खरा आधार.

आठ आठवडे हा आकडा हवेतला नाही. ज्यांना खरोखर अन्नाची अ‍ॅलर्जी असते, अशा कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त पाच आठवड्यांत शांत होतात, आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून जास्त. पोटाच्या तक्रारी लवकर कळतात, दोन-तीन आठवड्यांतच. त्वचेला वेळ लागतो. तीन आठवड्यांनी "काही फरक नाही" म्हणून पाकीट बदलणारे आणि पुन्हा तीन आठवड्यांनी तिसरं आणणारे लोक वर्षभर पैसे घालवतात आणि हाती काहीच लागत नाही. उलट, प्रत्येक पाकिटाबरोबर कुत्र्याची आणखी एका नव्या प्रथिनाशी ओळख होऊन जाते आणि खाणं बदलून पाहण्याच्या पुढच्या चाचणीसाठी कोरा पदार्थ उरत नाही. हे नुकसान कुणाच्या लक्षात येत नाही.

हे आठ आठवडे कधी धरायचे, यालाही कोल्हापुरात विचार लागतो. आषाढात घरोघरी मटणाची पातेली चढतात, त्र्यंबोलीच्या जत्रेचे दिवस असतात, आणि कुत्र्यापुढे हाड टाकणारे हात दसपट होतात. श्रावणात उलटं, बऱ्याच घरांत मांस-मासा उंबरा ओलांडत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे कोकणातून घाट चढून येणारा ताजा मासा मिळत नाही. पितृपक्षात वाडीचं जेवण, नवरात्र, मग दिवाळीचा फराळ. चैत्रापासून गावोगावच्या जत्रा. यातून सरळ उरणारा काळ म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर ते संक्रांतीच्या आसपास. हवा कोरडी, मासा ताजा, पाहुणे बेताचे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरात सामिष शिजत नसेल तर कुत्र्याचं बुधवारीच शिजवून ठेवावं. या काळाची एक अडचण मात्र लक्षात ठेवायची. पाऊस संपल्यामुळेही खाज कमी होते. म्हणजे डिसेंबरात कुत्रं सुधारलं तर श्रेय खाण्याचं की हवेचं, हे अजून कळलेलं नसतं. ते कळण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो बहुतेकांना नको असतो. त्याकडे नंतर येऊ.

खाण्याचा इतिहास लिहायला घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवावं. आजी, मुलं, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी, वॉचमन, सगळे. पाकिटांची नावं, औषधी गोळ्या, केसांसाठी दिलेलं माशाच्या तेलाचं सिरप, चघळायच्या काड्या, दात घासायची चिकनच्या चवीची पेस्ट, सगळं. घरामागे गोठा असेल तर पेंड, धारेच्या वेळी सांडलेलं दूध आणि व्यालेल्या म्हशीचा जारसुद्धा. ही यादी झाली की तिच्यात नसलेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ शोधायचा. बऱ्याच कोल्हापुरी घरांत ही जोडी मासा आणि रताळं अशी निघते. गोड्या पाण्यातला रोहू-कटला किंवा समुद्राची सुरमई चालेल. बांगडा शिळा असेल तर त्यात हिस्टामिन साठतं आणि तेच खाज वाढवतं, म्हणून ताजेपणाची खात्री नसेल तर तो टाळावा. सुकट आणि खारे मासे मिठामुळे बाद. भातावर कुत्रं वाढलं असेल तरी तांदळाची अ‍ॅलर्जी क्वचितच असते, पण पर्याय असताना जोखीम कशाला घ्यायची? रताळं नको असेल तर बटाटा किंवा साबुदाणा. कुणी रानडुकराचं किंवा रानसशाचं मांस आणून देतो म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणावं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे.

घरी करायचं तर प्रमाण नीट धरावं लागतं. कुत्र्याच्या वजनाचा आकडा किलोत घ्या, त्याला त्यानेच दोनदा गुणा, कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोन वेळा दाबा आणि आलेल्या संख्येला ७० ने गुणा. ही पडून राहिलेल्या कुत्र्याची दिवसाची गरज, कॅलरीत. घरात वावरणाऱ्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणायचं. १० किलोच्या कुत्र्याला हा हिशेब साधारण ६३० वर येतो, २० किलोच्याला १,०६० च्या आसपास. वजन दुप्पट झालं तरी खाणं दुप्पट होत नाही, हे इथे दिसतं आणि बहुतेक लॅब्रॅडॉर जाड का असतात हेही.

१० किलोच्या प्रौढ कुत्र्यासाठी एका दिवसाचं: काटे काढलेला कच्चा मासा २०० ग्रॅम, सोललेलं कच्चं रताळं ३५० ग्रॅम, सूर्यफुलाचं रिफाइंड तेल दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली, आणि शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटची पूड २ ग्रॅम. यातून ६०० च्या जवळपास कॅलरी मिळतात. २० किलोच्या कुत्र्यासाठी हे सगळं १.७ पट करावं. दोन वेळांत विभागून द्यायचं. लाकडी घाण्याचं शेंगतेल घरात असलं तरी इथे वापरू नये, कारण त्यात शेंगदाण्याचं प्रथिन थोडं उतरलेलं असतं. रिफाइंड तेलात ते जवळजवळ नसतं. कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची पूड सुचवली जाते, पण टरफलाला आतून पापुद्रा चिकटलेला असतो आणि तो अंड्याच्या प्रथिनाचाच. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या कॅल्शियमच्या हाडाच्या आकाराच्या गोळ्यांत चव म्हणून दूध किंवा कोंबडी घातलेली असते. म्हणून साधी, बिनचवीची पूड.

मासा साफ करून दहा-बारा मिनिटं पाण्यात उकळायचा. कच्चा देऊ नये. काही जातींच्या कच्च्या माशात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं आणि ते शिजवल्यावरच जातं. निवल्यावर बोटांनी कुस्करत काटे काढायचे आणि पुन्हा एकदा चाचपायचं, कारण रोहूचे वाय आकाराचे काटे पहिल्या फेरीत हमखास राहतात. रताळं उकडून कुस्करायचं, माशाचं पाणी त्यातच जिरवायचं. फोडणी नाही, हळद नाही, मीठ नाही. भांडं, उलथनं, सुरी वेगळी. ज्या कढईत काल चिकन परतलं ती साबणाने घासली तरी हे आठ आठवडे तिला सुट्टी. शिजवलेलं फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं, जास्त केलं तर एकेका दिवसाचे डबे करून फ्रीजरमध्ये.

जुन्या खाण्यावरून नव्यावर एकदम उडी मारली तर जुलाब होतात आणि लोक घाबरून चाचणीच सोडतात. पहिले दोन दिवस चतुर्थांश नवं, पुढचे दोन दिवस अर्धं, नंतरचे दोन दिवस तीन-चतुर्थांश. सातव्या दिवसापासून पूर्ण, आणि आठ आठवडे मोजायचे ते या सातव्या दिवसापासून. रताळ्यातल्या चोथ्यामुळे शी थोडी मोठी आणि मऊ होते. फार पातळ झाली तर निम्मं रताळं काढून बटाटा घालावा. दर आठवड्याला वजन करायचं. पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर खाणं दहा टक्क्यांनी वाढवायचं. हा आहार संपूर्ण नाही. जस्त, तांबं, ई जीवनसत्त्व अशा बऱ्याच गोष्टी त्यात कमी पडतात. धडधाकट प्रौढ कुत्रं आठ आठवडे यावर निभावून नेतं. वर्षाच्या आतलं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी कुत्री, मूत्रपिंडाचा रोगी यांना हा आहार देऊ नये.

त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरी मासा शिजवणं शक्यच नाही अशांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं हायड्रोलाइझ्ड खाणं हा सर्वांत सरळ रस्ता. यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या संरक्षण यंत्रणेला ते ओळखता येत नाहीत. ते महाग असतं, पण संपूर्ण आहार असतो, तोलायची-शिजवायची भानगड नाही. ते घेताना मूळ प्रथिन कोणतं हे विचारावं. कोंबडीचा संशय असलेल्या कुत्र्याला कोंबडीपासून केलेलं हायड्रोलाइझ्ड खाणं दिलं तर काही जण त्यावरही खाजवतात, कारण तुकडे सगळ्यांत सारखेच बारीक नसतात. तिथे सोयापासून केलेलं किंवा पिसांपासून अगदी अमिनो आम्लांपर्यंत फोडलेलं बरं. शाकाहारी घरांनी एवढं लक्षात घ्यावं की सोयाच्या अशा पाकिटातही वासासाठी कोंबडीच्या यकृताचा विघटित अर्क असू शकतो. लेबलवर तो लिहिलेला असतो.

आणि मग गळती. चाचणी फसते ती इथे. मूठभर खाणं चुकीचं गेलं तरच बिघडतं असं नाही, नखाएवढ्या तुकड्यानेही अ‍ॅलर्जी जागी राहते. "एवढ्याशानं काय हुतंय?" हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं, तिथे चाचणी सुरूच झालेली नसते. पोळपाटाखाली सांडलेलं पीठ, लहान मुलाच्या हातातली खारी, देवळातला पेढा, मांजराची वाटी, दुसऱ्या कुत्र्याची शी, रंकाळ्यावर फिरताना पडलेले भेळेचे कागद आणि आइस्क्रीमचे कप. पांढऱ्या रश्श्यातला तुकडा "धुऊन" देणारे खूप भेटतात. धुतल्याने मटणाचं प्रथिन जात नाही आणि आत मुरलेला कांदा-लसूणही जात नाही, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. ते चाचणीबाहेरही देऊ नये. जमिनीवरचं उचलायची सवय असलेल्या कुत्र्याला फिरताना जाळीचं मुसकं घालावं. श्वास आणि पाणी त्यातून नीट जातं. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून सांभाळलेल्या कुत्र्यावर ही चाचणी होत नाही, हे मान्य करून डॉक्टरांशी लक्षणांपुरत्या उपचाराचं बोलावं.

खाऊ द्यायचा हात अडवण्यापेक्षा त्याला वळण लावणं सोपं. रताळ्याच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या ओव्हनमध्ये १०० अंशांवर अडीच-तीन तास वाळवल्या की चिवट होतात. त्यांची बरणी दाराजवळ ठेवावी. आजोबांना चहाबरोबर काहीतरी टाकायचंच असतं, ते हे टाकतील. त्यातल्या कॅलरी मात्र दिवसाच्या हिशेबातून वजा कराव्यात.

औषधांची गळती सर्वांत शेवटी लक्षात येते. गोचिडांच्या चघळायच्या गोळ्या, जंताच्या चवदार गोळ्या, यांत मांसाची चव किंवा सोया असतो. पण म्हणून गोचिडांचा बंदोबस्त थांबवायचा नाही. आपल्याकडे गोचीडताप जीव घेतो. बारा आठवडे चालणारी गोळी मोजकं खाणं सुरू करण्याच्या आठवडाभर आधीच देऊन टाकली की प्रश्न मिटतो. नाहीतर मानेवर टाकायचं औषध किंवा पट्टा. कॅप्सूलचं कवच बहुधा जनावराच्या जिलेटिनचं असतं, आतली पूड रताळ्याच्या गोळ्यात घालून देता येते का हे डॉक्टरांना विचारावं. कडू गोळी पेढ्यात लपवायची सवय असेल तर तिलाही आठ आठवडे विश्रांती. खाज असह्य असेल तर पहिले दोन-तीन आठवडे खाज मारणारं औषध चालतं. मात्र ते थांबवल्यानंतरचे निदान दोन आठवडे औषधाविना जायला हवेत, तरच खाण्याचा परिणाम दिसतो.

रोज रात्री एका वहीत दोन आकडे लिहायचे. खाज शून्य ते दहा: शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे खाताना आणि झोपेतही थांबत नाही. शी एक ते सात: दोन-तीन उत्तम, सात म्हणजे पाणी. दर रविवारी चारही पंजे, दोन्ही कान आणि पोट यांचे त्याच उजेडात फोटो. स्मरणावर भरवसा ठेवू नये. रोज डोळ्यांसमोर असलेल्या कुत्र्यात झालेला बदल घरच्यांना दिसत नाही आणि पाहुण्याला लगेच दिसतो.

आठ आठवड्यांनी कुत्रं सुधारलेलं असेल तर आता मघाचा नकोसा मार्ग. जुनं खाणं परत घालायचं. सगळंच्या सगळं, पूर्वी होतं तसं, जास्तीत जास्त १४ दिवस. इथे बहुतेक घरं मागे फिरतात. "बरं झालंय, आता कशाला छेडायचं?" पण हे केल्याशिवाय निदान होत नाही. पाऊस थांबल्याने, गोचीड गेल्याने, कानाच्या औषधाने, कशानेही फरक पडलेला असू शकतो. खरी अ‍ॅलर्जी असेल तर बहुतेक कुत्री आठवडाभरातच पुन्हा खाजवायला लागतात, काही तर पहिल्याच दिवशी. खाज वाढलेली दिसली की त्याच क्षणी जुनं बंद, पुन्हा मासा-रताळं, आणि शांत होईपर्यंत थांबायचं. १४ दिवस गेले आणि काहीच झालं नाही, तर खाण्याचा दोष नव्हता. मग धुळीतल्या माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), परागकण यांच्याकडे वळायचं, आणि कुत्र्याला पुन्हा भाकरी खाऊ द्यायची.

खाज परतली आणि मग शमली, तर एकेक पदार्थ सुटा तपासायचा. मासा-रताळं तसंच ठेवून त्यात १० किलोच्या कुत्र्याला रोज ३०-४० ग्रॅम साधं उकडलेलं चिकन, दोन आठवडे. त्रास झाला तर लगेच बंद, नाव काळ्या यादीत. नाही झाला तर मोकळं. मध्ये शांततेचा एक आठवडा ठेवून दूध किंवा पनीर, मग चपाती, मग अंडं, मग मटण. चपातीला तूप लावायचं नाही, नाहीतर गव्हाचा दोष की दुधाचा हे कळायचं नाही. चिकन दुकानातून आणताना त्याच ओंडक्यावर मटण तोडलेलं नाही ना, हे बघावं. अख्खी कोंबडी घरी आणून कापलेली उत्तम. या खेपा करायला संक्रांतीपासून उन्हाळा उजाडतो. बहुतेक कुत्र्यांचे चोर एक किंवा दोन निघतात, क्वचित तीन. आणि कधी असंही होतं की मटणावर संशय होता तो सुटतो आणि अडकतं ते ग्लुकोजच्या बिस्किटातलं दूध.

एवढं झालं की दुकानातलं मोजक्या घटकांचं पाकीट पहिल्यांदा कामाचं ठरतं, कारण आता काय टाळायचंय हे माहीत असतं. पुढच्या बाजूचं मोठं नाव वाचण्यात वेळ घालवू नये. अमेरिकी नियमांत नावात 'विथ सॅल्मन' असेल तर सॅल्मन ३ टक्के असलं तरी पुरतं, 'सॅल्मन डिनर' असेल तर २५ टक्के, आणि 'सॅल्मन फ्लेवर' असेल तर चव ओळखू येण्यापुरतं. पाठीमागची बारीक अक्षरं वाचावीत. घटक शिजवण्यापूर्वीच्या वजनाच्या क्रमाने लिहिलेले असतात. ताज्या मांसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून पहिल्या क्रमांकावर ताजी मेंढी आणि दुसऱ्यावर सुकी 'चिकन मील' असेल तर पाणी उडाल्यावर पाकीट कोंबडीचंच उरतं. 'पोल्ट्री मील', 'मीट मील', 'अ‍ॅनिमल फॅट', 'अ‍ॅनिमल डायजेस्ट', 'नॅचरल फ्लेवर' यांत प्राण्याचं नाव नसतं. ज्याचं नाव नाही ते पाकीट परत ठेवायचं. मोजक्या घटकांच्या चांगल्या पाकिटात एक प्राणिज प्रथिन, एक-दोन पिष्टमय पदार्थ, तेल, आणि मग जीवनसत्त्वं-खनिजांची लांब यादी असते. ती शेवटची यादी लांब असली तरी बिघडत नाही.

दुकानात सहज मिळणाऱ्या अशा पाकिटांची प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा अनेकांत लेबलवर नसलेली प्रथिनं सापडलेली आहेत. एकाच यंत्रावर आधी कोंबडीचं आणि मग माशाचं खाणं निघतं, त्याचा हा परिणाम. म्हणूनच शोध घेण्याच्या आठ आठवड्यांत हे पाकीट नको, पुढच्या आयुष्यासाठी ठीक. 'ग्रेन फ्री' हा वेगळाच प्रकार आहे. त्यात धान्य नसतं, पण तीन-तीन प्राण्यांचं मांस असू शकतं. धान्याऐवजी वाटाणा, मसूर, हरभरा भरलेल्या अशा खाण्यांचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, २०१८ मध्ये सुरू केली होती. कुत्र्याला गव्हाचा त्रास सिद्ध झालेला नसेल तर त्या वाटेला जाण्याचं कारण नाही.

पाकीट कुठलंही घ्या, सुटं घेऊ नका. दुकानात उघड्या पोत्यांतून किलोवर विकलं जाणारं खाणं एकाच मापाने भरलेलं असतं, आणि ते माप आत्ताच चिकनच्या पोत्यातून निघालेलं असतं. पावसाळ्यात तर उघड्या खाण्यात साठवणीतले माइट्स आणि बुरशी वाढतात, आणि काही कुत्री त्या माइट्सवरच खाजवतात. महिनाभरात संपेल एवढंच पाकीट आणावं, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं, डबा भिंतीपासून लांब. घरगुतीच चालू ठेवायचं असेल तर आठ आठवड्यांनंतर पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून खनिजं-जीवनसत्त्वांची भर ठरवून घ्यावी, नुसत्या मासा-रताळ्यावर वर्ष काढू नये.

दर वेळी नवीन पाकीट आणलं की मागच्या घटकांचा मोबाइलवर फोटो काढून जुन्या फोटोशी ताडावा. नाव, रंग, चित्र तेच राहून आतला माल बदललेला असू शकतो. खाण्यात काहीही न बदलता खाज परतली, तर आधी कान हुंगा, बोटांच्या बेचक्या उघडून बघा, गोचीड-पिसवा शोधा, शेवटचं गोचिडाचं औषध कधी दिलं ती तारीख वहीत पाहा. हे सगळं ठीक निघालं तरच दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून वाचायला बसा.